जाळीदार वाण

अंगठी कापायचं ते हत्यार आमरसाचा डबा उघडायच्या ओपनरसारखं दिसत होतं. लहानशी दातेरी चकती, ती फिरवायला मूठ, आणि बोट नि अंगठी यांच्या फटीत सारायला एक पातळ पट्टी. मिल्टन कीन्सच्या वॉक-इन सेंटरमधल्या नर्सने अंशुमनचा उजवा हात दिव्याखाली धरला, सुजलेली अनामिका इकडून तिकडून पाहिली, वस्तू फार सुंदर आहे पण हिला आता जावंच लागणार, असं काहीसं म्हणाली आणि पट्टी अंगठीखाली सरकवू लागली. आणि अंशुमनने हात मागे घेतला. म्हणजे त्याने घेतला असंही नाही. शनिवारची अख्खी दुपार ज्यासाठी तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता ते समोर आल्यावर हातच आपण होऊन मागे आला, तवा लागल्यासारखा. सासूबाईंनी दिलेली आहे, तो म्हणाला. नर्स हसली, तिलाही सासू असणार. हात उंच धर, बर्फ लाव, बोट निळं पडलं तर मात्र तडक हॉस्पिटल गाठ, असं सांगून तिने हत्यार ट्रेमध्ये ठेवून दिलं, आणि अंशुमन वर्गात पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागणाऱ्या पोरासारखा हात वर करून कार पार्कमध्ये आला. गाडीत बसल्यावर त्याला स्वतःचा इतका राग आला की त्याने त्याच हाताने स्टिअरिंगवर एक फटका मारला, आणि मग ठणका थांबायची वाट पाहत बराच वेळ तसाच बसून राहिला.

अंगठी चांदीची होती, चांगली रुंद, पुरुषी, सेल्टिक म्हणजे जुन्या आयरिश-स्कॉटिश धाटणीच्या नक्षीची. या देशात किल्ल्यांच्या दुकानांतून आणि जत्रांतून असल्या अंगठ्या, कडी, पट्ट्यांची बक्कलं पुरुषांसाठी मांडून ठेवलेली असतात, आणि दंडावर गोंदवलेले दांडगे गडी ती हौसेने घालतात. चार पदर एकमेकांच्या वरून-खालून जात राहतात, ते कुठे सुरू होत नाहीत नि कुठे संपत नाहीत. इतर अंगठ्यांवर ही नक्षी नुसती कोरलेली असते. हिच्यात पदरांच्या मधली चांदी काढूनच टाकली होती, आरपार. त्यामुळे बोट सुजल्यावर त्या बारीक भोकांतून मांस वर आलं होतं, लालसर, तुळतुळीत. ते पाहवत नसे आणि पाहिल्याशिवाय राहवतही नसे. आरपार होती म्हणून तर ती त्याच्या बोटात आली. जूनच्या सुरुवातीला अधिक महिना चालू होता, लग्नानंतरचा पहिलाच, आणि अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार असावं लागतं. अनारसे, बत्तासे, काहीतरी भोकाभोकांचं. ते का, हे सासूबाईंना, अनुराधाताईंनाही सांगता आलं नसतं. सोलापूरहून डॉक्टर नवऱ्यामागोमाग कॉव्हेंट्रीला येताना त्यांनी जे बरोबर आणलं त्यात हे होतं, आणि तीसेक वर्षांत त्यांनी त्यातलं काही टाकलं नव्हतं. कार्पेटवर रांगोळी काढता येईना म्हणून त्यांनी खुर्चीभोवती केकखाली घालायच्या कागदी जाळ्या मांडल्या, अंशुमनला ओवाळलं, ताटात अनारसे वाढले आणि म्हणाल्या, पुरुषाला जाळीचं काय द्यावं हा प्रश्नच होता, मग ही दुकानात दिसली. बोट पुढे करा जावईबापू. पेरावर ती जरा अडली. त्यांनी अंगठ्याने दाबली, आणि ती आत गेली.

त्या दिवशी तो बोलणार होता. गाडीत तसं बायकोला, वरदाला सांगूनही ठेवलं होतं. पण तोंडात अनारसा आणि बोटात अंगठी, टेबलापलीकडे सासूबाईंचे भरून आलेले डोळे. अशा वेळी कुणी कसं म्हणावं की आम्ही हा देश सोडून जातो आहोत. तो फार छान म्हणाला, आणि आणखी एक अनारसा घेतला.

तेव्हापासून ती अंगठी दर रविवारी घालायची वस्तू झाली. अंशुमनला दागिन्यांची सवय नव्हती, मुंजीतली अंगठीसुद्धा त्याने दोन दिवसांत हरवली होती. सोमवार ते शनिवार अंगठी गाडीत, पार्किंगसाठी ठेवलेल्या चिल्लरीत पडून असे. रविवारी कॉव्हेंट्रीत शिरताना सिग्नलला तो ती बोटात घालायचा आणि परतताना त्याच सिग्नलला काढायचा. वरदा हे बघायची आणि खिडकीबाहेर पाहायची. सासऱ्यांचं मात्र लक्ष असे. शशिधर म्हणजे निवृत्त ऑर्थोपेडिक सर्जन, माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या सांध्यांकडे बघायची सवय. पण जेवताना त्यांची नजर अंशुमनच्या हातावर जशी येऊन थांबायची ती काही सांध्यांसाठी नव्हती. घातलीय ना, एवढंच ते बघत असणार असं अंशुमन धरून चालला होता. वरणभात कालवला की वरण जाळीत जाऊन बसायचं, आणि ते घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने काढावं लागायचं. मागच्या रविवारी परतीच्या सिग्नलला अंगठी निघाली नाही. त्याने ओढली, पिळली, मागून हॉर्न वाजले. सोमवारी साबण झाला, मंगळवारी तेल, बुधवारी वरदाने यूट्यूबवर पाहून काचेवर फवारायचा साबण आणला. जितकं ओढावं तितकं पेर सुजत गेलं, आणि शेवटी दुखलं म्हणून नुसतं हात लावणंही बंद झालं.

ऑफिसात अंगठीचं कौतुक झालं. मिल्टन कीन्सच्या त्या काचेच्या इमारतीत, जिच्या चारही बाजूंना एकसारखे राउंडअबाउट होते, एक आयरिश आजोळ असलेला सहकारी म्हणाला, तुझ्यातही थोडं आमचं रक्त आहे की काय. अंशुमन हसला. मीटिंगमध्ये प्रोजेक्टरच्या उजेडात तो हात मांडीवर ठेवून एक पदर नजरेने धरायचा आणि त्याच्यामागून जायचा: वरून, खालून, वरून, खालून, बोटाच्या मागच्या बाजूला दिसेनासा, पुन्हा पुढे. आई दाराशी ठिपक्यांची रांगोळी काढायची तेव्हा अशीच एक सलग रेघ सगळ्या ठिपक्यांना वळसे घालून पुन्हा पहिल्या जागी आणायची. हात कुठे उचलला ते दिसता कामा नये, असं ती म्हणायची. आणि तो शाळेत जायच्या आधी गुडघ्यांवर बसून ती जागा शोधायचा. बहुतेक वेळा सापडायची. एखाद्या ठिपक्याशी रेघ थोडी जाड झालेली असे. तशी जागा त्याला अंगठीतही सापडली. एके ठिकाणी पदर वरून जातो, पुढे खालून जायला हवा, तर पुन्हा वरूनच जातो. सलग दोनदा वरून. यंत्र अशी चूक करत नाही, तेव्हा ही कुणीतरी हाताने केलेली आहे, असं त्याला वाटलं, आणि का कोण जाणे, त्याला त्या अनोळखी माणसाबद्दल बरं वाटलं. मग कुणीतरी त्याला रिलीजची तारीख विचारली आणि त्याने काहीतरी सांगितलं.

पण बोट म्हटलं की त्याला हल्ली आठवायचं ते दुसरंच बोट. अप्पा, म्हणजे त्याचे वडील, पुण्याला बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहत होते. काचबिंदूने एक डोळा गेला होता आणि दुसऱ्याचं काही खरं नव्हतं. रविवारी सकाळी तो फोन करायचा तेव्हा अप्पा भाजीचे भाव सांगायचे, लिफ्ट बंद असल्याचं सांगायचे, डोळ्यांचं विचारलं की चाललंय म्हणायचे. एप्रिलमध्ये शेजारच्या शिल्पाताईंनी आपण होऊन फोन केला. त्या म्हणाल्या, काल मी गेले होते तर तुझे वडील चहा ओतत होते. कपात बोट घालून ओततात रे. किती भरला ते कळावं म्हणून. अंशुमन तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभा होता. त्या क्षणापासून ते बोट त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. पेराशी वाकडं झालेलं, नखात वर्षानुवर्षांची निळी शाई असलेलं, उकळत्या चहात वाट बघत थांबलेलं. अप्पांना इथे आणून झालं होतं. दोन महिने राहिले, रेडवे नावाच्या लाल पायवाटांवरून रोज एकटे चालून यायचे, आणि एकदा म्हणाले, सगळं छान आहे, पण माणसं कुठे ठेवली आहेत यांनी? परत गेल्यावर पुन्हा नाव काढलं नाही. तेव्हा जायचं तर यानेच जायला हवं होतं. उदय, त्याचा जुना बॉस, पुण्यात नवं ऑफिस उघडून बसला होता आणि त्याने अंशुमनसाठी जागा धरून ठेवली होती; पण धरून धरून किती धरणार. सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळव, असं त्याने परवा सरळ सांगितलं. वरदा यायला तयार होती. दोन वर्षं बघू, ती म्हणाली होती, फक्त डॅडींना तू सांगायचं.

घोडं अडलं होतं ते एवढ्याशा गोष्टीवर. आणि दरम्यान, हा मूग गिळून बसलेला असताना, शशिधर-अनुराधांनी कॉव्हेंट्रीचं घर विकायचं ठरवलं होतं. लेकीच्या जवळ जाऊ, मिल्टन कीन्सला छोटा बंगला घेऊ, म्हातारपणी जिना नको. तो बंगला बघायला अंशुमननेच त्यांना नेलं. खोल्यांची मापं घेताना टेपचं एक टोक शशिधरांच्या हातात होतं आणि दुसरं अंशुमनच्या, आणि टेप दोघांच्या मध्ये ताणलेली असताना तो स्वतःशी म्हणत होता की आता बोल, आता, भिंतीपर्यंत पोचायच्या आत. भिंत आली. मंगळवारी एजंट घरासमोर विक्रीची पाटी रोवायला येणार होता. ही माणसं वाईट असती तर सोपं होतं. २००१ साली तो वर्क परमिटवर आला तेव्हा मंडळाच्या गणपतीत भेटलेल्या या परक्या जोडप्याने त्याला दर शनिवारी जेवू घातलं होतं, तेही मुलगी सांगायच्या आधीपासून. आई गेली तेव्हा शशिधर त्याला स्वतः हीथ्रोवर सोडायला आले, आणि तो आत जाऊन दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभे राहिले. आम्हाला मुलगा नाही असं आता वाटतच नाही, असं अनुराधाताई चारचौघांत म्हणायच्या. खरं तर त्यांना मुलगा होता. क्षितिज. मेडिकलच्या चौथ्या वर्षाला सोडून निघून गेलेला, वरदाहून मोठा, स्कॉटलंडमध्ये कुठेतरी असणारा. जिन्यातल्या फोटोंच्या ओळीत एक जागा मोकळी होती. शशिधरांसमोर त्याचं नाव निघत नसे, आणि अंशुमनने त्याला कधी पाहिलंही नव्हतं. कुणी मुलगा म्हटलं की अंशुमनला बरं वाटायचं आणि लगेच त्या मोकळ्या जागेची आठवण व्हायची, आपलं माप तिथे घेतलं जात असल्यासारखी.

रविवारी गाडी वरदाने चालवली, कारण त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं. बाजूच्या सीटवर हात खांद्याशी धरून तो बसला. राउंडअबाउटमागून राउंडअबाउट गेले. प्रत्येकाला वळसा घालताना सीटबेल्ट छातीवर आवळायचा आणि सैल व्हायचा. पाऊस थांबून थांबून पडत होता, त्या साली तो सगळा उन्हाळाभर पडला.

"तू कट का नाही करू दिला तो रिंग काल?" वरदा म्हणाली. मराठी ती घरात शिकली होती, आणि वस्तूंना स्त्री की पुरुष हे ती आपल्या मर्जीने ठरवायची. "तुझा बोट बघ ना. इट्स हॉरिबल."

आईंना वाईट वाटेल म्हणून, तो म्हणाला. त्यांनी एवढी हौसेने दुकानातून शोधून आणली.

पुढे एक लॉरी पाणी उडवत होती, ती वरदाने जाऊ दिली.

"मम्मीनं शॉपमधून नाही आणला तो," ती म्हणाली. "दादानं केला आहे. तो हेच करतो आता, स्कॉटलंडमध्ये, ओबानला. मेन्स ज्वेलरी. डॅडींच्या सिक्स्टीएथला पाठवला होता. डॅडी म्हणाले, मला नको. तेव्हापासून मम्मीच्या कपाटात होता."

अंशुमनने बोटाकडे पाहिलं. तू मला सांगितलं का नाहीस, त्याने विचारलं.

"तू इतका पोलाइट होतास. सगळे पोलाइट होते. आय जस्ट कुडन्ट." मग जरा वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, "तू आज नाही बोललास तर मी परत नाही विचारणार. ट्यूजडेला बोर्ड लागेल, मग आपण इथेच. मी ठीक राहीन. तू नाही राहणार."

म्हणजे ही त्याच्या मापाची नव्हतीच. ती शशिधरांच्या लांब, सडपातळ बोटाच्या मापाने केलेली होती. मुलाने वर्षानुवर्षं न पाहिलेलं बापाचं बोट आठवून केलेली. आणि अनुराधाताईंना ती फेकवेना, वापरवेना, दाखववेना. मग अधिक महिना आला, जाळीदार काहीतरी हवं झालं, आणि त्यांनी रीतीच्या आडून मुलाची अंगठी घरातल्या एका पुरुषाच्या बोटात घालून टाकली. दर रविवारी ती नवऱ्याच्या समोर, वरणभातात, वर-खाली होत राहिली. आणि शशिधर बघत होते ते हे. अंशुमनने काच खाली केली, पाऊस आत आला, वरदाने काही न विचारता वायपर वाढवले. आपल्याला राग यायला हवा असं त्याला वाटलं, पण राग येईना. आला तो एक विचित्र हेवा, त्या ओबानच्या माणसाचा. तो निघून गेला होता. एकदाच कधीतरी वाईट ठरून तो मोकळा झाला होता, आणि त्याच्या जागी हा रविवारमागून रविवार चांगला ठरत बसला होता.

घरात शिरल्यावर त्याने हात जॅकेटच्या खिशात घातला. अनुराधाताईंनी दार उघडलं, त्यांच्या मागून फोडणीचा वास आला. एजंटने पाठवलेली घराची माहितीपत्रकं दारातच ठेवलेली होती. पहिल्या पानावर घराचा फोटो, उन्हातला, त्यांच्या आठवणीतसुद्धा इतकं ऊन त्या घरावर कधी पडलं नसेल. पानं वाढली. अंशुमनने जॅकेट काढलं, हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने चमचा उचलला.

जावयाने वरणभात चमच्याने खावा, तोही डाव्या हाताने, हे अनुराधाताईंच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी आधी मीठ कमी झालं का विचारलं. मग त्यांनी त्याचा उजवा हात टेबलाखालून मनगटाला धरून वर काढला, लहान मुलाने लपवलेलं काहीतरी काढावं तसा. बोट ताटाच्या कडेवर आलं. तूप लावू का, त्या म्हणाल्या, साजूक तूप लावलं की निघते, माझ्या बांगड्या अशाच निघायच्या. आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून लवकर आल्या नाहीत. शशिधरांनी चष्मा बदलला, बोट दोन बोटांत धरून नखावर दाब दिला, रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. "तुपाने काही होणार नाही," ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

त्यांच्या अभ्यासिकेत अजून हाडांचा एक सांगाडा-हात टेबलावर उभा होता. निम्मी पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. त्यांनी खणातून टाके घालायच्या रेशमी दोऱ्याचं एक जुनं पाकीट काढलं, दिवा खाली ओढला, अंशुमनला खुर्चीत बसवलं आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. दोऱ्याचं एक टोक त्यांनी चिमट्याने अंगठीखालून पलीकडे सारलं. मग अंगठीच्या कडेपासून नखाच्या दिशेने ते दोरा गुंडाळत निघाले, वेढ्याला वेढा लावून, घट्ट, एकही फट न ठेवता. सूज दोऱ्याखाली दबत जायची, वेदना खांद्यापर्यंत चढायची. हलू नकोस, ते म्हणाले. हलायचं तरी कुठे. त्याचा हात त्यांच्या दोन्ही हातांत होता, गुडघे गुडघ्यांना लागले होते, पाठीमागे खोकी होती. इतक्या जवळून त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दाढी करताना कानाखाली राहिलेले चार पांढरे केस दिसत होते. बंगल्यातली टेप त्याला आठवली. भिंत येईपर्यंत बोल, तो स्वतःला म्हणाला होता. आता दोरा पेरापर्यंत पोचला होता.

"बाबा," तो म्हणाला, "आम्ही पुण्याला जातोय. अप्पांना दिसत नाही."

शशिधरांचे हात थांबले नाहीत. पेरावरून दोरा नेताना ते जरा हळू झाले, तिथे सूज जास्त होती.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. डावा आधीच गेला होता, आता—"

"डोळ्याचं नाही विचारत. ठरवलंयस कधीपासून?"

"जूनपासून."

दोरा आवळला गेला. मुद्दाम की कामासाठी, ते अंशुमनला कळलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं.

"बंगला बघायला तू आला होतास."

"हो."

"टेप धरली होतीस."

"हो, बाबा." आणि मग त्याला सगळंच फुटलं, की रोज सांगणार होतो, की तुम्ही इतकं केलंत, की ते चहाच्या कपात बोट घालतात, की तुम्हाला सोडून जाताना आणि तिकडे न जाताना सारखीच लाज वाटते. वाक्यांना ना शेंडा ना बुडखा. शशिधर ऐकत होते की नाही कोण जाणे; त्यांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं, जे त्यांनी आयुष्यात कुठल्या ऑपरेशनमध्ये केलं नसेल. मग अंगठीखालून आलेलं पलीकडचं टोक धरून ते दोरा उलटा सोडवू लागले. एकेक वेढा सुटत होता आणि त्याच्याबरोबर अंगठी केसाकेसाने पुढे सरकत होती, चढ चढल्यासारखी.

"तो पण असाच," शशिधर म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. "जेवायला बसला की सगळ्याला हो म्हणायचा. चार वर्षं हो म्हणाला. मग एक दिवस खोली रिकामी. मी त्याला कधी विचारलं नव्हतं, हे मला नंतर अनुराधाने सांगितलं." पेरावर अंगठी अडली. "तू निदान तोंडावर सांगितलंस. उशिरा, पण तोंडावर."

अंगठी सुटली. ती निसटून त्यांच्या तळव्यात पडली, आणि दोरा अंशुमनच्या बोटावरून सैल होऊन जमिनीवर गोळा झाला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते झालं, तेव्हा हलकं वाटेल अशी त्याची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. बोटाला नुसताच गार वारा लागला, आणि त्याला रडावंसं वाटलं. कातडीवर सगळी नक्षी उमटली होती, वरचे पदर खोल, मधली भोकं फुगलेली. अंगठी बोटातून गेली होती आणि तरी होती. संध्याकाळपर्यंत जाईल ते, शशिधर म्हणाले, आणि उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. तिथे त्यांनी अंगठी पाण्याखाली धरून बराच वेळ चोळली. रुमालाने पुसली. दिव्याखाली आणून फिरवून पाहिली, एक्स-रे बघत तशी, आणि एका जागी थांबले.

"इथे चुकलाय," ते म्हणाले. "सलग दोनदा वरून गेलाय."

अंशुमनने विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"आली त्याच दिवशी पाहिलं. हेच कारण दिलं मी अनुराधाला. म्हटलं, हे सुद्धा याला नीट जमलं नाही." ते किती तरी वेळ त्या चुकीच्या जागेवर नख फिरवत राहिले. मग, माप बघायला म्हणून बघावं तशी, त्यांनी ती आपल्या अनामिकेत घातली. ती सरळ गेली, फक्त पेराशी संधिवाताने गाठाळलेल्या हाडावर क्षणभर अडकली. त्यांनी जरा दाबली, आणि ती आत जाऊन बसली. त्यांनी हात लांब धरून पाहिला. मग काढायला गेले. ती आली नाही. पुन्हा ओढली. पेरापाशी येऊन थांबली.

दारात अनुराधाताई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे वरदा. अनुराधाताईंनी आधी अंशुमनच्या मोकळ्या बोटाकडे पाहिलं, मग टेबलावर, मग जमिनीवर पडलेल्या दोऱ्याकडे. आणि मग नवऱ्याच्या हाताकडे. वाटी त्यांच्या हातात कलली, वरदाने मागून धरली.

"अडकली का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "तूप लावू?"

पाकिटात अजून रेशमी दोरा उरला होता, आणि तो कसा गुंडाळायचा हे त्या खोलीत एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. अंशुमनने वाकून पाकीट उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं. शशिधरांनी पाकिटाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"राहू दे," ते म्हणाले. "वरण गार होतंय. एजंटला मी सकाळी फोन करतो, पाटी नको म्हणून."

ते पुढे झाले. त्यांच्यामागून सगळे जेवायला बसले. अंशुमनने चमचा बाजूला ठेवून उजव्या हाताने भात कालवला. बोट वाकत होतं, दुखत होतं. समोर शशिधरांच्या बोटात वरण जाळीच्या भोकांतून आत गेलं होतं, आणि अनुराधाताई ते बघत होत्या, जेवायचं विसरून.